मोटारीच्या दिव्याला टूथपेस्ट कशाला?

रविवारी सकाळी गल्लीतून फेरफटका मारताना एक दृश्य तुम्ही पाहिले असेल. मोटारीचे मालक पुढच्या दिव्यासमोर उकिडवे बसलेले, हातात ओले फडके आणि शेजारी टूथपेस्टची नळी. दहा मिनिटे घासल्यावर पिवळट, धुरकट दिवा लखलखीत होतो आणि भोवती जमलेली मुले थक्क होतात. या उपायाला माझा विरोध आहे. दिवा स्वच्छ होतो हे खरे. पण त्याबरोबर त्याचे उरलेसुरले संरक्षणही निघून जाते.

जुन्या अ‍ॅम्बॅसेडर मोटारीचे गोल दिवे काचेचे असत. काचेला उन्हाची फारशी क्षिती नसते. आजच्या दिव्यांचे आवरण मात्र पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे असते. १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांच्या नकळत तयार केले. ते काचेच्या निम्म्या वजनाचे, हवा तो आकार घेणारे आणि खडा उडून लागला तरी सहसा न फुटणारे आहे. १९८३ मध्ये अमेरिकेने मोटारींच्या दिव्यांचे नियम बदलले आणि प्लॅस्टिकच्या आवरणांना वाट मोकळी झाली. गुण एवढे, पण ते काचेच्या मानाने मऊ असते, आणि उन्हात टिकत नाही.

ऊन त्याला का बाधते? प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हवी असेल, तर १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० धरली, तर उत्तर सुमारे २.२५ येते. ३१० नॅनोमीटरच्या जंबुपार, म्हणजेच अतिनील किरणासाठी ते ४ येते. कार्बनच्या दोन अणूंमधील एकेरी बंध तोडण्यास साधारणपणे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आता तुम्हीच पाहा, हे काम हिरव्या प्रकाशाच्या एका कणाच्या आवाक्याबाहेरचे आहे. जंबुपार किरणाच्या एका कणाजवळ मात्र त्यासाठी पुरेशी ऊर्जा असते. तुटलेल्या साखळ्यांशी हवेतील ऑक्सिजन संयोग पावतो. नव्याने बनलेले रेणू निळा प्रकाश शोषतात, म्हणून प्लॅस्टिक पिवळे दिसते. पुढे पृष्ठभाग ठिसूळ होऊन त्यावर बारीक भेगा पडतात.

कारखानदारांना हे ठाऊक असतेच. म्हणून ते आवरणाच्या बाहेरच्या बाजूस एक कठीण, पारदर्शक लेप देतात. त्यात जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. या लेपाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास! टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी असलेली बारीक, कठीण पूड खडबडीतपणा काढताना हा लेपही खरवडून नेते आणि खालचे प्लॅस्टिक उघडे पडते. आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी गणपतीच्या आधी दिवे असे घासले होते. पुढच्या मे महिन्यापर्यंत ते पूर्वीपेक्षाही पिवळे झाले.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. धुरकट दिवा नुसता ओला केला तरी स्वच्छ दिसतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५८, पाण्याचा १.३३ आणि हवेचा जवळजवळ १. भेगांत हवेऐवजी पाणी भरले, की अपवर्तनांकांतील फरक कमी होतो आणि प्रकाश कमी विखुरतो. वाळले की पुन्हा धुके! शिक्षकांनी दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर चिकटपट्टी लावून हेच वर्गात दाखवावे.

पण प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. मोटारीचा खालचा झोत असा आखलेला असतो, की एका ठरावीक रेषेच्या वर फारसा प्रकाश जाऊ नये. धुरकट आवरण तो प्रकाश चहूकडे विखुरते. रस्त्यावर पडायचा प्रकाश घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि कडेने चालणारा माणूस आपल्याला दिसत नाही. अमेरिकेतील एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये चाचणी घेतली, तेव्हा जुन्या, खराब झालेल्या दिव्यांचा प्रकाश नव्यांच्या अवघा पाचव्या हिश्शाएवढा भरला. यावर काही जण जास्त वॅटचा बल्ब बसवतात. त्याने रस्त्यावरचा प्रकाश वाढतो, तसा विखुरलेला प्रकाशही त्याच प्रमाणात वाढतो; त्रास मात्र समोरच्याला.

तेव्हा काळजी घ्यायची ती दिवा नवा असताना. विकत देताना संगीताची यंत्रणा कौतुकाने दाखवतात. या लेपाविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, हे मला खटकते. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये. आधी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी, मग सौम्य साबण. पेट्रोल किंवा थिनर कदापि लावू नये, त्याने पॉलिकार्बोनेटला तडे जातात. जंबुपार किरण अडवणारी पारदर्शक फिल्म दिव्यावर चिकटवता येते. ऊन आणि खडे ती सोसते, आणि खराब झाली की बदलता येते. ज्यांचे दिवे आधीच धुरकटले आहेत त्यांनी ते घासून घ्यावेत, पण त्यावर जंबुपाररोधक लेप पुन्हा दिला जाईल तरच.

आणि सावली? निळे आकाशही जंबुपार किरण विखुरत असते, त्यामुळे झाडाखाली ते कमी होतात, नाहीसे होत नाहीत. अंगभर कापडी आवरण अधिक चांगले. ते नसेल तर मोटार उत्तरेकडे तोंड करून ठेवावी. महाराष्ट्रात वर्षातील बहुतेक दिवस दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मे ते जुलैमधील काही आठवडे तो उत्तरेला जातो खरा, पण त्यांतील बरेचसे दिवस पावसाळी ढगांचे.

आमच्या सहकाऱ्यांनी अखेर नवे दिवे बसवले. हल्ली त्यांची मोटार उत्तरेकडील भिंतीला नाक लावून उभी असते. संध्याकाळी घरी जाताना ती मागे घेत घेत बाहेर काढावी लागते, म्हणून मात्र ते रोज माझ्या नावाने कुरकुरतात.