न दिसणाऱ्या मुलासाठी

देवबागला रस्ता संपतो. मालवणहून तारकर्लीमार्गे दहा-बारा किलोमीटर आलेला प्रवासी येथे पोहोचला, की त्याच्या उजव्या हातास अरबी समुद्र असतो, डाव्या हातास कर्ली नदीची खाडी असते आणि समोर त्या दोहोंचा संगम. वाळूच्या या चिंचोळ्या पट्टीवरील गाव मुंबईकरास आठवते ते सुटीच्या दिवसांत. परंतु याच किनाऱ्यावरील एखाद्या मुलाचा ताप उतरेनासा झाला, अंगावर काळेनिळे डाग उमटू लागले आणि तपासणीअंती रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले, म्हणजे त्या घरचा प्रवास उलट दिशेने सुरू होतो. प्रथम मालवण, मग ओरोस, तेथून गोव्यातील बांबोळी किंवा थेट मुंबईतील परळ. पाचशे किलोमीटरांच्या आसपासचा हा प्रवास एकदाच करून भागत नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. तितका काळ होडी किनाऱ्यावर ठेवून बसणे कोणत्या मच्छीमाराला परवडेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

या प्रवासाचा मार्ग एका वेगळ्या कामासाठी वापरला जावा, अशी आमची सूचना आहे. बालरोगांवरील संशोधनास निधी मिळावा म्हणून परळ ते देवबाग अशी सायकलींची सांघिक शर्यत महाराष्ट्राने सुरू करावी. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस गाठावे. तेथून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि आचरा या वाटेने मालवणास यावे. आणि जेथे भूमीच संपते तेथे शर्यत संपवावी. जेथे फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते, तेथे घड्याळ थांबवावे. या मार्गावर सह्याद्रीच्या घाटासारखा एकच मोठा चढ नाही, म्हणून तो सोपा आहे असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक खाडीला उतरायचे आणि पलीकडे पुन्हा जांभ्या दगडाच्या सड्यावर चढायचे, हा क्रम अखेरपर्यंत सुटत नाही. येथे चौघांच्या संघाने एकमेकांच्या श्रमावर विसंबूनच पुढे जावे लागेल.

महाराष्ट्राला हा खेळ अपरिचित नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटांचा राजा’ म्हणून गौरवण्याची प्रथा आपल्या परिचयाची आहे. पुणे ते गोवा ही सुमारे साडेसहाशे किलोमीटरांची शर्यत एकेकट्याने तसेच संघाने धावली जाते. अमेरिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची. ती २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. संघ म्हणून ती पुरी करणारे ते पहिले भारतीय; आणि आपल्या संघाचे नाव त्यांनी ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ असे ठेवले होते. पुढे २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातील डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. हे चौघेही डॉक्टर आहेत. शरीर किती सोसू शकते हे ज्यांना व्यवसायानेच ठाऊक, त्यांनी ते स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहिले. अशा शर्यतींत कोणत्या ना कोणत्या सत्कार्यासाठी निधी जमवण्याची रीत पाश्चात्य देशांत रूढ झाली आहे. तिचे आपण केवळ अनुकरण करावे असे आमचे म्हणणे नाही; आपल्यापाशी त्यासाठी अधिक निकडीचे कारण आहे.

ते कारण आपल्या दानाच्या स्वभावात दडलेले आहे. मराठी माणूस कृपण आहे, हा आरोप आम्हांस मान्य नाही. २०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीस मज्जारज्जूशी निगडित असा दुर्मीळ आनुवंशिक विकार जडल्याचे वृत्त आले. तिच्या औषधाच्या एका मात्रेची किंमत सोळा कोटी रुपये होती. अनोळखी लोकांनी ती रक्कम उभी केली आणि केंद्र सरकारने आयातीवरील सुमारे सहा कोटींचे कर माफ केले. हे निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु त्याच विकाराने ग्रासलेल्या, पण ज्यांचे छायाचित्र कोणाच्याही डोळ्यांपुढे आले नाही, अशा मुलांचे काय? आणि असे औषध आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याला पेलेल अशा किमतीत सिद्ध व्हावे म्हणून आपल्यापैकी कितीजणांनी एक रुपया दिला? दुर्मीळ रोगांविषयी केंद्राचे धोरण २०२१ साली आले आणि पुढील वर्षी साहाय्याची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढली. सोळा कोटींपुढे पन्नास लाख म्हणजे काय, हे सांगण्यास गणितज्ञ नको. सारांश असा, की आपण चेहऱ्यास देतो. संशोधनाला चेहरा नसतो, म्हणून संशोधनाची झोळी रिकामी राहते.

ही अडचण आपलीच आहे असे नव्हे. बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांच्यापुढेही ती उभी होती. १९४८ साली त्यांच्या बालरुग्णालयातील बारा वर्षांच्या एका रुग्णाचे संभाषण नभोवाणीवरून ऐकवण्यात आले. मुलाचे खरे नाव गुप्त राखून त्यास ‘जिमी’ म्हटले गेले. त्याचे मुखही कोणी पाहिले नाही. तरी श्रोत्यांनी दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम पाठवली आणि त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला. तो मुलगा वारला असावा असेच पुढे बहुतेकांनी गृहीत धरले. परंतु तो जगला होता, ट्रकचालक झाला होता, आणि पन्नास वर्षांनी, १९९८ साली, त्याची खरी ओळख जगाला पटली. याच संस्थेसाठी १९८० साली ३६ सायकलस्वार मॅसॅच्युसेट्स राज्य पार करण्यास निघाले. त्या पहिल्या वर्षी त्यांनी १०,२०० डॉलर जमवले. ती शर्यत नव्हती, फेरी होती; पण ती दरवर्षी निघत राहिली आणि आजवर तिने एक अब्ज डॉलरांहून अधिक निधी उभा केला आहे. स्वारांनी जमवलेली पै न् पै संस्थेस पोहोचते, हा त्या फेरीचा दंडक आहे. एका वर्षाच्या उत्साहाने एवढे झाले नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, की ही अमेरिकेची कथा देवबागच्या रस्त्यावर कशाला? त्यास उत्तर असे, की या कथेचा एक आरंभ परळलाच आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातील गरीब गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्या शोध घेत होत्या आणि त्यांच्या कामास परळच्या हाफकिन संस्थेचा आधार होता. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे सिद्ध झाले. गिरणगावात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती, आणि आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

पुढचा टप्पा भीमावरमला जन्मलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले, आणि त्या आम्लास अटकाव करणारी द्रव्येही तेथेच सिद्ध झाली. निरोगी रक्त घडण्यास जे लागते, तेच रोगट पेशींनाही लागते. तेव्हा ते तोडून पाहावे, असा विचार फार्बर यांनी केला. सुब्बाराव यांच्याकडील द्रव्य त्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सोळा मुलांना दिले. दहाजणांत सुधारणा दिसली, पण ती टिकली नाही. जून १९४८ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. आपल्या श्रमाचे फळ त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही या रोगाच्या उपचारात दिले जाते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून घरी परतणाऱ्या मुलाच्या पिशवीत त्याच्याच गोळ्या असतात.

संशोधन म्हणजे सांघिक शर्यत, ती ही अशी. एकजण आपला टप्पा पुरा करतो, दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि बाजूस होतो; अखेरच्या रेषेवर कोण पोहोचले हे त्यास कळतेच असे नाही. विल्स यांना गरोदर स्त्रियांचा प्राण वाचवायचा होता. बालकांचा कर्करोग त्यांच्या मनातही नव्हता. म्हणूनच ‘अमुक संशोधनातून अमुक वर्षी काय मिळेल?’ असा हिशेबी प्रश्न विचारून देणगी देणाऱ्याने हात आखडू नये. ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, त्या मुलासाठी देण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

ज्यांची उत्तरे बोस्टनमध्ये मिळणार नाहीत, असे प्रश्नही आपल्याकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे संपन्न देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हाच आकडा तिसाच्याही खाली राहतो. औषधे बव्हंशी तीच आहेत. मग अंतर का? मुले उशिरा पोहोचतात, कुपोषित शरीरास औषधाची मात्रा सोसत नाही, आणि पैसा किंवा धीर संपला की पालक उपचार अर्ध्यावर सोडतात. १९८० च्या दशकात टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी तज्ज्ञांच्या साहाय्याने आपल्या परिस्थितीस झेपेल अशी उपचारपद्धती राबवली, तेव्हा मुलांच्या जगण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. त्या कामास आता पुढचा टप्पा हवा. कुपोषित मुलास किती मात्रा द्यावी? कोणती इंजेक्शने आणि तपासण्या परळऐवजी ओरोसला किंवा मालवणला निर्धोकपणे होऊ शकतील? देवबागच्या आईला वर्षातून किती वेळा मुंबईस येण्यापासून वाचवता येईल? हेही संशोधनच आहे, आणि त्यास सोळा कोटींची मात्रा लागत नाही.

आक्षेप येतील, आणि ते यावेतच. आरोग्य ही सरकारची जबाबदारी असून तिचा भार सायकलस्वारांच्या खांद्यावर का टाकावा, असे विचारले जाईल. आमचे उत्तर स्पष्ट आहे: तो टाकू नयेच. लोकांनी निधी जमवला म्हणून शासनास अंदाजपत्रकातील एक पैही कमी करण्याचा अधिकार पोहोचत नाही. उलट लोकांनी दिलेल्या प्रत्येक रुपयामागे शासनाने आपला रुपया घालावा. दुसरा आक्षेप असा, की असल्या उपक्रमांत बालकांच्या दुःखाचे प्रदर्शन होते. ही भीती रास्त आहे. एकाही आजारी मुलाचे छायाचित्र स्वारांच्या अंगरख्यावर किंवा मार्गावरील फलकांवर झळकता कामा नये. ‘जिमी’चे नावही त्याच्या वाट्याला आलेल्या गाजावाजापासून अलग राखले गेले होते, तेवढा विवेक आपणही दाखवावा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. सत्कार्याच्या नावाने जमलेला पैसा मंडप, भोजने, मानचिन्हे आणि पुढाऱ्यांचे हारतुरे यांत विरघळतो, याचा अनुभव या शहरास नवा नाही. तेव्हा आयोजनाचा खर्च पुरस्कर्त्यांनी निराळा सोसावा, स्वारांनी जमवलेली सर्व रक्कम संशोधनासच जावी, ती कोणत्या प्रश्नावर खर्च व्हावी हे तज्ज्ञांच्या समितीने ठरवावे आणि लेखापरीक्षकाने तपासलेला हिशेब दरवर्षी वृत्तपत्रांत छापला जावा. तो छापण्यासाठी आमच्या या पत्रातील जागा विनामूल्य देण्यास आम्ही आजच बांधलेले आहोत. रस्त्याविषयीही स्वच्छ बोलले पाहिजे. किनाऱ्यावरील रस्ते अरुंद आहेत आणि देवबागचा तर समुद्राच्या भरतीच्या धाकात नांदतो. पोलीस बंदोबस्त, प्रत्येक संघामागे वाहन, रात्रीच्या प्रवासास मनाई आणि गावकऱ्यांची संमती यांवाचून ही शर्यत काढू नये. मुलांचे प्राण वाचवण्यासाठी तरुणांचे प्राण धोक्यात घालणे, हा शहाणपणा नव्हे.

पहिल्या वर्षी दहा संघ आले तरी पुरे. बोस्टनचे ३६ स्वार निघाले तेव्हा त्यांच्या मागेही गर्दी नव्हती. मुंबईतील महाविद्यालये, क्रीडामंडळे, डॉक्टरांच्या संघटना आणि परळच्या चाळींतून ज्यांच्या खोल्या आजही आहेत ती कोकणातील ग्रामस्थ मंडळे, यांनी एकत्र बसून या सूचनेचा विचार करावा. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी सायकल चालवावी. ज्यांच्या नाही त्यांनी स्वाराच्या नावे किलोमीटरमागे रुपया द्यावा. आजारी मुलास घेऊन देवबागचे कुटुंब जी वाट चालत परळला येते, ती वाट निरोगी माणसांनी एकदा उलट दिशेने, स्वतःच्या श्रमाने कापावी, एवढेच आमचे मागणे आहे.