गाडी ओढून नेली, माणसांचे काय?

दिवाळीची सुट्टी लागली की शहरातला मनुष्य गावाकडे धावतो. पूर्वी एस.टी.च्या टपावर वळकट्या चढत. आता ज्याच्या त्याच्या दारात गाडी उभी आहे. हप्त्यांची का असेना, पण आहे! प्रवासाची तयारी गृहिणी आठ दिवस आधीपासून करते. फराळाचे डबे, भाऊबिजेच्या ओवाळणीची पाकिटे, सासूबाईंच्या गोळ्या, धाकट्याला गाडी लागते म्हणून आवळासुपारी, सगळ्याची यादी होते. गाडीच्या कागदांची यादी मात्र कोणी करीत नाही. विचारले तर यजमान चावी बोटावर फिरवीत म्हणतात, “इन्शुअरन्स आहे की!”

ह्या “आहे की” मध्ये काय काय आहे आणि काय नाही, ते आज पाहू.

आमच्या शेजारचे एक कुटुंब मागे एका सुट्टीत कोकणात निघाले होते. नवरा, बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. कशेडी घाटाच्या अलीकडे, रात्री नऊच्या सुमारास, गाडी तापली आणि बंद पडली. विमा उतरवताना त्यांनी रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे वाटेतली मदत, ही जोड घेतलेली होती. फोन लागला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलला. पावणेदोन तासांनी ओढगाडी आली. चालक आपल्या कामात वाकबगार. त्याने गाडी पाठीवर घेतली, पट्टे आवळले, कागदावर सही घेतली. कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मग सूनबाईंनी विचारले, “आणि आम्ही हो, दादा?”

“ताई, केबिनमध्ये दोघं बसतील. बाकीच्यांचं मला काही सांगितलेलं नाही.”

नवऱ्याला गाडीबरोबर महाडच्या गॅरेजात जाणे भाग होते. आजींना एकटे सोडता येईना, मुलांना त्या केबिनमध्ये धाडता येईना. शेवटी आजी, सून आणि दोन मुले एका बंद टपरीच्या बाकावर बसली. आजी म्हणाल्या, “अगं, गाडीला नेलं हो पाठीवर. आपल्याला कोण नेणार?” बाराच्या पुढे एका ओळखीच्या ओळखीतून जीप आली, तोवर ती चौघे तशीच बसून होती. पुढे कागद काढून पाहिले, तेव्हा कळले की त्याच कंपनीच्या वरच्या दर्जाच्या योजनेत टॅक्सीची आणि एका रात्रीच्या मुक्कामाची सोय होती. हप्त्यातला फरक तसा फार नव्हता. पण घेताना कोणी विचारले नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही.

आता कागदांकडे वळू. पहिली गोष्ट, जी शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते: मोटरचा विमा आणि वाटेतली मदत ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याने जो विमा सक्तीचा केला आहे, तो थर्ड पार्टीचा. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल, त्याच्यापुरता. आपली गाडी बंद पडली तर त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याच्या वरचा, आपल्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा घेतला, तरी तो अपघात, चोरी, आग, पूर अशा प्रसंगांसाठी असतो. यंत्र आपणहून बिघडले, विजेची जोडणी जळली, भाग झिजून तुटला, तर ते नुकसान नेहमीच्या पॉलिसीतून स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. टायरचेही तसेच. नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल, तर नव्या टायरच्या निम्म्या किमतीपर्यंतच भरपाई होते.

गाडी ओढून नेण्याचा खर्च विम्यात असतो, नाही असे नाही. पण तो अपघातानंतरचा, आणि जवळच्या दुरुस्तीवाल्यापर्यंतचा. खासगी मोटरीसाठी नेहमीच्या पॉलिसीत ही मर्यादा एका अपघातामागे १५०० रुपये अशी छापलेली आढळते. आजच्या दिवसांत घाटातून गाडी उतरवायला तेवढ्यात कोण येणार? आपल्या कागदावर कोणता आकडा आहे, तो एकदा चष्मा लावून पाहावा.

त्याच कागदात आणखी एक अट असते. अपघात किंवा बिघाड झाल्यावर गाडी बंदोबस्त केल्याशिवाय बेवारशी सोडावयाची नाही. आणि दुरुस्तीपूर्वी ती तशीच चालवली, तर त्यामुळे वाढलेले नुकसान ज्याचे त्याने सोसावयाचे. “चालतेय तोवर नेऊ या हो” ही आपल्या पुरुषमंडळींची आवडती नीती इथे महागात पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या हजारो मोटरी पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवली की इंजिनात पाणी ओढले जाते, आतले दांडे वाकतात, आणि मग विमा कंपनी म्हणते की हे पुराने नव्हे, तुमच्या चावीने झाले. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड असते, ती ह्याच भांडणापायी निघाली. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करू नये; ओढूनच न्यावी.

मग वाटेतली मदत मिळते कोठून? साधारणपणे तीन ठिकाणांहून. नवी गाडी घेतली की तिच्या कारखानदाराकडून काही वर्षे ही सेवा बरोबर येते. ती मुदत संपल्याचे पत्र बहुधा आपण वाचीत नाही, आणि पुढे पैसे भरून ती वाढवता येते, हेही विसरतो. दुसरी विमा कंपनीची जोड. ही बहुतेक वेळा नुसत्या थर्ड पार्टीच्या विम्याला लागत नाही, वरच्या विम्यालाच लागते, आणि विम्याचे नूतनीकरण चुकले की तीही त्याच मध्यरात्री संपते. तिसरे म्हणजे मोटरमालकांचे संघ आणि हाच धंदा करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या.

संघांची कल्पना जुनी आहे, आणि तिची सुरुवात मोठी गमतीची. लंडनात १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, ती बिघडलेल्या गाड्यांसाठी नव्हे! वेग मोजण्यासाठी पोलीस झुडपांआड दडून बसत. त्यांची खबर सभासदांना देण्यासाठी संघाने सायकलस्वार नेमले. कोर्टाने अशी खबर देण्याला हरकत घेतल्यावर संघाने युक्ती काढली. सायकलस्वार एरवी सभासदाला सलाम करी. पुढे पोलीस असले की सलाम करीतच नसे. सलाम न केल्याबद्दल खटला कोण भरणार? हेच स्वार पुढे पाना आणि पंप घेऊन फिरू लागले. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या मोटरवाल्यांना तिची ओळख होती, नातवांनाच नाही.

योजना कोणाचीही घ्या, पहिले पान सारखेच दिसते. बॅटरी उतरली तर दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करून देणे, पंक्चर झाल्यास स्टेपनी चढवणे, किल्ली आत राहिली तर दार उघडणे, पेट्रोल संपले तर काही लिटर आणून देणे, जागच्या जागी होणारी किरकोळ दुरुस्ती, आणि काहीच नाही जमले तर ओढून नेणे. वाचताना मन भरून येते. खरे काय ते आतल्या पानावर असते. पेट्रोल आणून देतात, पण त्याचे पैसे आपले. मनुष्य दुरुस्तीला येतो, पण नवा पट्टा, नवा फ्यूज आपल्या खर्चाचा. वर्षातून किती वेळा बोलवायचे ह्यालाही गणती असते. आणि ओढून नेण्याचे अंतर ठरलेले असते. त्यापुढे दर किलोमीटरला पैसे. “अंतर” म्हणजे नुसते गाडी नेण्याचे, की ओढगाडीचे रिकामे येणे-जाणेही धरून, हे लेखी विचारून घ्यावे. ह्या एका शब्दावर रात्री अकरा वाजता घाटात वाद घालण्यात अर्थ नाही.

नेणार कोठे, हाही प्रश्नच. गाडी डोंबिवलीची, मालक डोंबिवलीचा, म्हणून ती डोंबिवलीला पोचवतील अशी समजूत असते. तसे नाही. बहुतेक योजनांत ती जवळच्या अधिकृत वर्कशॉपात जाते. रविवारी किंवा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते बंद असेल, तर गाडी रात्रभर कोठे ठेवणार, हे आधी विचारावे.

आणि माणसे. टॅक्सीची, मुक्कामाची सोय योजनेत आहे का. असल्यास किती माणसांची. घरापासून किती दूर असल्यावर ती लागू होते. पैसे कंपनी परस्पर देते की आपण भरून पावती पाठवायची? माझे मत विचाराल तर ज्यांच्या घरी म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले आहेत, त्यांनी दार उघडून देण्याच्या कलमाकडे एक वेळ दुर्लक्ष करावे, पण हे कलम असल्याशिवाय योजना घेऊ नये. एकट्यादुकट्याने शहरातल्या शहरात गाडी फिरवणाऱ्याला साधी योजना पुरते. तो रिक्षाने घरी जाईल.

योजना नसली म्हणून मनुष्य अगदीच उघडा पडत नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा चोवीस तासांचा क्रमांक आहे, आणि कोणत्याही संकटात ११२ आहेच. टोलच्या मोठ्या रस्त्यांवर गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवलेली असते. पण ह्या क्रेनचे काम रस्ता मोकळा करणे. ती गाडी धोक्यातून बाजूला काढील. आपल्या गॅरेजात नेऊन देईलच असे नाही. शिवाय रस्ता कोणाचा, हेही पाहावे लागते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे. त्यांचे मदतीचे क्रमांक वेगळे, रस्त्यातल्या फलकांवर लिहिलेले. समृद्धी जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा रस्ता, दोन्ही कडांना कुंपण. मध्येच उतरून गावात मेकॅनिक शोधण्याची सोय नाही. निघण्यापूर्वी टायरची हवा पाहणे हीच तिथली पहिली मदत. मदत मागताना “इथेच, त्या मोठ्या झाडापाशी” असे सांगू नये. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत ते, आणि फोनवरून नकाशातली जागा, एवढे सांगितले म्हणजे पुरे. घाटात फोनला रेंज नसते, तेव्हा क्रमांक फोनात नव्हे, कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावे. फोनची बॅटरीही नेमकी त्याच रात्री संपते!

ओढून नेण्याच्या रीतीबद्दल एक सूचना. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्या, चारही चाकांना जोर असणाऱ्या गाड्या आणि विजेच्या गाड्या ह्यांची चालती चाके जमिनीवर घासत नेली, तर आतले यंत्र बिघडते. अशी गाडी सपाट फळीच्या ओढगाडीवर पूर्ण चढवूनच न्यावयास हवी. हुक लावून ओढायला कोणी पुढे आला, तर “थांबा” म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. फोन करतानाच गाडीची जात सांगितली, म्हणजे दुसरी खेप वाचते.

स्टेपनीबद्दलही बोलले पाहिजे. २०२० साली नियमांत बदल झाला, आणि ट्यूब नसलेले टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चरचे साहित्य असलेल्या मोटरींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. विकत घेताना डिकी मोठी दिसते म्हणून आपण खूष होतो. टायर बाजूने फाटला तर ते साहित्य चालत नाही, आणि ज्या योजनेत “स्टेपनी चढवून देऊ” एवढेच लिहिले आहे, तिचा मनुष्य येऊन काय चढवणार? अशा गाडीला पंक्चरसाठीही ओढून नेण्याची सोय आहे का, ते पाहावे.

ओढगाडी यावयाला तास-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात आपली माणसे कोठे आहेत, ह्यावर सगळे अवलंबून आहे. वेगाच्या रस्त्यावर बंद गाडीत बसून राहणे, तिच्या मागे उभे राहून डिकीतले सामान काढणे, पुढे उजेड धरून बॉनेटमध्ये डोके घालणे, ही तिन्ही कामे जिवावरची आहेत. मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी चालती वाटते. गाडी होईल तितकी डावीकडे घ्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावे, आणि रस्त्याकडे तोंड करून, कडेकडेने मागे चालत जाऊन लाल त्रिकोण ठेवावा; निदान पन्नास पावलांवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. तो त्रिकोण नव्या गाडीबरोबर मिळतो आणि पुष्कळ घरी अजून प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतो. सर्वांनी डाव्या दाराने उतरून कठड्याच्या पलीकडे जावे. पलीकडे दरी असेल, तर गाडीच्या पुढे नव्हे, मागच्या बाजूला, रस्त्यापासून दूर उभे राहावे. धक्का बसला तर गाडी पुढेच ढकलली जाते. आजींसाठी घडीची खुर्ची, सर्वांना पाणी, एक शाल आणि विजेरी. फराळाचा एक डबा डिकीत तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा.