गुलाबाला ‘औषध’ मारताना

आपल्या वऱ्हाडात कपाशीवर जे फवारले जाते त्याला कोणी विष म्हणत नाही. ‘औषध मारलं’, ‘औषध आणाले कृषी केंद्रात गेलो होतो’, ‘अर्धी बाटली औषध उरलं’ असेच आपण बोलतो. दवाखान्यात मी लिहून देतो तेही औषध आणि फवाऱ्याच्या टाकीत ओततो तेही औषध. एकच शब्द दोन्हीकडे चालल्यामुळे त्या बाटलीची भीती मनातून केव्हा निघून गेली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आजचा विषय या शब्दाचाच आहे; पण निमित्त मोर्शीतल्या एका पिवळ्या गुलाबाचे आहे.

एका हिवाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीला एक निवृत्त गुरुजी ऑटोतून दवाखान्यात आले. आले म्हणजे आणले. सोबत त्यांच्या पत्नी आणि शेजारचा मुलगा. थंडीचे दिवस, तरी गुरुजींचे बनियन घामाने भिजलेले. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, दोन उलट्या झालेल्या, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. बॅटरी टाकून पाहिले तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

“काय घेतलं यांनी?” मी विचारले.

“काही घेतलं नाही जी डॉक्टरसाहेब. यायनं दुपारी गुलाबाले औषध मारलं, बस. तवापासून जीव घाबरून रायला.”

शेजारचा मुलगा दुचाकीवर जाऊन बाटली घेऊन आला. भावाच्या शेतात कपाशीच्या फवारणीतून उरलेली, तळाशी जेमतेम दोन बोटे द्रावण असलेली बाटली. लेबलवर लाल त्रिकोण. आत ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक. कपडे काढून साबणाने अंग धुतले, ॲट्रोपिन सुरू केले, १०८ ची गाडी बोलावली आणि त्यांना अमरावतीला पाठवले. गुरुजी वाचले, पाचव्या दिवशी घरी आले. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तो गुलाब लावायला मीच सांगितले होते.

गुरुजींना २०२१ च्या दुसऱ्या लाटेत करोना झाला होता. आजार बरा झाला, पण वास गेला तो गेलाच. पुढे थोडा परतला, तोही वाकडातिकडा. फोडणीचा वास जळक्या रबरासारखा येतो म्हणून त्यांचे जेवणच तुटले होते. अशा रोग्यांना वासाचा सराव करायला सांगतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, थोडा थोडा वेळ, लक्ष देऊन घ्यायचे आणि हे निदान बारा आठवडे चालवायचे. सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण अनेकांना येतो आणि खर्च जवळजवळ नाही. लवंग डब्यात असते, निलगिरी तेल दुकानात मिळते. लिंबाच्या जागी संत्र्याची साल घ्या, असे मी गुरुजींना गमतीने म्हटले होते. मोर्शीत संत्र्याच्या सालीला काय तोटा? राहिला गुलाब. “दारात एक लावा, सकाळी फिरताना हुंगा,” असे सांगितले. त्यावर काही फवारू नका, हे सांगायचे माझ्याकडून राहिले. हुंगायच्या झाडावर कोणी विष टाकेल हे माझ्या मनातच आले नाही. पण गुरुजींच्या लेखी ते विष नव्हते, औषध होते.

त्यांनी रोपवाटिकेतून पिवळ्या वेली गुलाबाचे रोप आणले आणि ओसरीपुढच्या मांडवावर चढवले. पावसाळा संपता संपता पानांवर काळे गोल ठिपके पडले, पाने पिवळी होऊन गळू लागली. तेव्हा भावाची बाटली आठवली.

यात दोन गोष्टी चुकल्या आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे काळे ठिपके हा बुरशीचा रोग आहे आणि बाटलीतले औषध किडी मारायचे होते. म्हणजे ज्यासाठी जिवावर बेतले, ते काम त्या फवाऱ्याने होणारच नव्हते. हगवणीला पडशाचे औषध द्यावे, त्यातला हा प्रकार.

दुसरी चूक रोपाच्या निवडीची. आजच्या बहुतेक पिवळ्या गुलाबांचा गडद रंग कोठून आला याची कथा आहे. फ्रान्समधल्या लिओं शहरचे जोसेफ पेर्ने-ड्युशे यांनी ‘पर्शियन येलो’ या गुलाबाशी बरीच वर्षे संकर करून १९०० साली ‘सोलेय दोर’ ही जात बाजारात आणली. त्यातून भडक पिवळा रंग पुढच्या पिढ्यांत उतरला. पण ज्या रानगुलाबाचा हा वंश, त्याच्या लॅटिन नावाचाच अर्थ ‘दुर्गंधी’ असा आहे, आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना चटकन बळी पडण्याचा दोषही वारशाने आला. म्हणून पिवळा गुलाब फवाऱ्यावाचून जगत नाही, अशी समजूत झाली.

त्याआधीचा पिवळा गुलाब निराळा होता. ‘मारेशाल नील’ हा वेल १८६४ मध्ये फ्रान्समध्येच निघाला. तिसऱ्या नेपोलियनच्या फौजेतल्या एका मार्शलचे नाव त्याला दिलेले. आपल्याकडे तो ‘मार्शल नील’ या नावाने आला आणि इंग्रजी अमदानीत बंगल्यांच्या व्हरांड्यांवर चढला. फिकट सोनेरी रंग, भरगच्च पाकळ्या आणि खरोखरचा सुवास. इंग्लंडच्या थंडीत त्याला काचघरात ठेवावे लागे. आपल्या उन्हाळी मुलखात तो उघड्यावर वाढतो. फुलाचा देठ नाजूक असल्याने फूल खाली झुकते. फुलदाणीसाठी हा दोष समजतात, पण मांडवाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या नाकासमोरच फूल येते, याहून सोय ती कोणती? याला रोग होतच नाहीत असे म्हणणार नाही. तो मिळाला नाही तर नावाच्या मागे लागू नका. हिवाळ्यात रोप फुलावर असताना रोपवाटिकेत जा, फुलाचा वास घ्या, खालची पाने पाहा, आणि मगच पैसे द्या. पिवळा वेल सुवासिकच असतो असे नाही. पुष्कळांना नावापुरताच वास असतो.

मोर्शी-वरुडच्या माणसाला तर रोप विकत घ्यायचीही गरज नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणारे हात आपल्या गावोगावी आहेत. गुलाबाचा डोळाही तसाच, साल उलगडून, जंगली गुलाबाच्या खुंटावर थंडीत भरतात. एखाद्या ओळखीच्या घरी चांगला वास असलेला पिवळा वेल असला तर एक काडी मागून आणावी. आणि संत्र्याला जे नियम लावता तेच गुलाबाला लावा: जोड मातीच्या वर राहू द्या, खुंटाचे फुटवे काढत राहा, सल काढा, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. आपल्या काळ्या जमिनीत पाणी धरून राहते, म्हणून दोन फूट खड्डा घेऊन त्यात मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मे महिन्याच्या उन्हात पिवळा रंग उडून फूल पांढुरके होते, तेव्हा पूर्वेची भिंत बरी. वेली गुलाबाची दरवर्षी खोल छाटणी करू नये. लांब काड्या उभ्या न सोडता आडव्या बांधल्या तर डोळ्याडोळ्याला फुटवे येऊन फूल धरते.

आता किडी-रोगांचे. मावा आणि लाल कोळी यांच्यासाठी सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. तेवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, कपड्याने गाळून, किंचित साबण घालून फवारावे. (निंबोळी अर्कही पिण्याची वस्तू नव्हे, लेकरांच्या हाती लागू देऊ नये.) काळ्या ठिपक्यांची पाने तोडून, गळालेली वेचून जाळावी किंवा पुरावी, पाणी मुळाशी घालावे, संध्याकाळी पानांवर नाही, वेल दाट झाला असेल तर विरळ करून वारा खेळू द्यावा. एवढे करूनही काही पाने खराब होतील. होऊ द्यावीत. घरच्या गुलाबाला प्रदर्शनात जायचे नाही.

“शेतात ढीगभर मारतो, घरच्या एका झाडानं काय होते?” असे मला या लेखाच्या निमित्ताने दोघांनी विचारले. शेतातही काय होते ते आपण पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती आणि उंच पिकावर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर येत होता. मांडवावरच्या वेलाचे याहून वेगळे काय असते? गुरुजी मान वर करून, बनियनवर, उघड्या हातांनी, गळक्या हातपंपाने फवारत होते. विष पोटातच जावे लागते असे नाही. या गटातली विषे कातडीतून आणि श्वासातून आत शिरतात. आपल्या शरीरात नसांचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य असते, फळा पुसावा तसे. हे विष त्या द्रव्यालाच बांधून ठेवते. मग फळा पुसलाच जात नाही. लाळ, घाम, स्नायूंचे उडणे थांबत नाही, छाती कफाने भरते आणि श्वास बंद पडून माणूस जातो.

शेतकऱ्याची निदान नाइलाजाची बाजू आहे. वर्षाचे पीक बोंडअळीच्या तोंडी द्यायचे की फवारायचे, हा प्रश्न त्याच्यासमोर असतो, आणि त्याला घरात बसून उपदेश करणे मला पटत नाही. घरच्या गुलाबावर कोणाचे पोट नाही. शिवाय कपाशीच्या बोंडाला कोणी नाक लावत नाही. गुलाबाला आल्यागेल्याने नाक लावायचे, लेकरांनी पाकळ्या तोडून तोंडात घालायच्या, बाईने फूल केसांत माळायचे. ज्या झाडाशी माणसाची एवढी जवळीक आहे, त्यावर शेतातले कीटकनाशक मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडेही नाही, पातळ करूनही नाही. याच कारणाने हार-गुच्छाच्या गुलाबाचा गुलकंद घरी करू नये. गुलकंदाला देशी गुलाबी गुलाबच लागतो आणि तो न फवारलेल्या झाडाचा हवा.

उरलेल्या बाटलीबद्दल दोन शब्द. ती घरात आणूच नये. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नये, आणि रिकामा डबा तेल-धान्याला वापरू नये. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतल्या माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. ज्या तेलात ते शिजले त्यात मोनोक्रोटोफॉस निघाले होते. आपल्याकडे कपाशीवर सर्रास मारले गेलेले हेच ते औषध. भाज्यांवर वापरायला त्याला २००५ पासून मनाई आहे.

फवारणीनंतर घाम, मळमळ, लाळ, अंधुक दिसणे, छाती भरणे यांतले काही सुरू झाले तर ‘पित्त झालं’ म्हणून झोपू नये. अंगावरचे कपडे काढावेत, केसांसकट अंग साबणाने धुवावे, धुणाऱ्याने हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये, दूध-लिंबू पाजत बसू नये. १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. लेबल दिसले की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. गुरुजींच्या बाबतीत तो अर्धा तास त्या शेजारच्या पोराने वाचवला.

गुलाबाचा काटा रुतला तर जखम धुवावी, दहा वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन झाले नसेल तर घ्यावे. काट्याच्या जागी गाठ येऊन हातावर वरवर गाठींची रांग चढू लागली तर ती एका बुरशीची लक्षणे असू शकतात; लेप लावत न बसता दाखवावे.

गुरुजींचा वेल अजून मांडवावर आहे. दोन पावसाळे त्यावर पाण्याच्या फवाऱ्याखेरीज काही पडलेले नाही. भाद्रपदात खालची पाने झडतात, थंडीत वर फुले येतात. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा मी वासाचे विचारले. “लवंग येते, संत्र्याचं सालटं तं चांगलंच येते,” म्हणाले. “गुलाब अजून अर्धाच येते. सकाळी येते, संध्याकाळी नाही येत.”