सुपरमोटो रोजच्या कामाचीही
सुपरमोटो म्हणजे डर्ट बाइकच्या सांगाड्यावर १७ इंची चाके, रस्त्याचे टायर आणि दमदार पुढचा ब्रेक. सीट उंच म्हणून ती रोजच्या वापराला निरुपयोगी, हा मागील अंकातील पत्रातला निकाल घाईचा आहे. सुझुकी डीआरझी-४००एसएमची सीट ८९० मिलिमीटरच्या आसपास खरी. पण गाडी अरुंद नि हलकी, सिग्नलला एक पाय टेकला तरी भागते. शिवाय पुढच्या मोटारींच्या टपांवरून रस्ता दिसतो. खरी कुरकुर १० लिटरच्या टाकीबद्दल आणि पाटासारख्या कडक सीटबद्दल हवी. रेसच्या गाडीला दिवे लावून ऑफिसला नेणे मात्र शुद्ध हौस: तिचे ऑइल तासांच्या हिशेबाने बदलावे लागते. याउलट रस्त्यासाठीच्या केटीएम ६९० एसएमसी आरचे सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटरला येते. भारतात एक्सपल्सला १७ इंची चाके चढवण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचलेले बरे.