रोपाआधी खाचर पाहा

‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ कातकरी वाडीतलं मूल चौथीतही अडखळत वाचत असलं, की ही म्हण पुढे येते आणि विषय तिथेच मिटतो. बुद्धीत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. पण तो कुणा एका मुलाच्या कपाळी लिहिलेला आकडा नव्हे. एका समूहात, एका परिस्थितीत जो फरक पडतो, त्यातला जन्माचा किती, एवढंच तो सांगतो. वाशिंदच्या भातशेतकऱ्याला हे नवं नाही. एकाच राबातली रोपं खाचरात जोमानं वाढतात आणि वरकस माळावर खुरटतात, म्हणून बियाण्याला कोणी नावं ठेवत नाही.

एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांविषयी हेच दाखवलं. सुस्थितीतल्या घरांत बुद्ध्यंकातला बराचसा फरक आनुवंशिक निघाला; गरीब घरांत तो वाटा शून्याजवळ आला. पश्चिम युरोपात असं आढळलं नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तिथे गरिबाच्या मुलालाही दवाखाना आणि शाळा मिळते, म्हणजे माळच कमी उरला आहे. आपल्याकडे तो पसरलेला आहे. दिवाळी सरली की उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आईबाप गारा तुडवतात, विटा पाडतात. आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन ओल्या विटा उलटवते. तिचं निम्मं शालेय वर्ष तिथेच जातं.

‘मग भट्टीवरचीच काही मुलं कशी शिकली?’ शिकली, आणि त्यांचं कौतुकच आहे. पण एखादा पूर पोहून गेला म्हणून पूल नको, असं कसं म्हणता येईल? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, काम केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना मंद ठरवलं नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. येत्या दिवाळीनंतर पहिली भट्टी लागेल, त्याच आठवड्यात तिथे अंगणवाडी आणि शिक्षक पोचायला हवेत, आणि गावी राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह उघडायला हवं. शहापूर-मुरबाडच्या लोकप्रतिनिधींकडे आपण एवढं तरी मागूया.