बालवाडी शिक्षिकेचा कोर्स : फी भरण्याआधी चार प्रश्न



बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या खांबाखांबावर पाट्या झळकू लागतात, ‘नर्सरी टीचर व्हा, शंभर टक्के नोकरी!’ मुलीला लहान मुलांची आवड असते. आई कानातले गहाण ठेवते आणि फी भरते. वर्षाने हाती रंगीत प्रमाणपत्र येते, पण ते दाखवायला गेल्यावर ‘हे चालत नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून नाव घालण्यापूर्वी चार प्रश्न विचारा.

पहिला, प्रमाणपत्र कोण देणार? शिक्षक-प्रशिक्षणाच्या पदविकांना मान्यता देते ती राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. पूर्वप्राथमिकसाठी तिची दोन वर्षांची पदविका आहे, डी.पी.एस.ई. डी.एल.एड. ही पदविका निराळी, ती पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठी आहे. संचालकांकडे मान्यतेच्या आदेशाची प्रत मागा. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक ही संस्थेची नोंद झाली, कोर्सची मान्यता नव्हे. मान्यता नसलेल्या कोर्सवर खाजगी बालवाडीत काम मिळू शकते. घ्यायचा तर हे समजून घ्या.

दुसरा, पुढची वाट खुली राहते का? पदवी घ्यायची असेल तर गृहविज्ञानात ‘मानव विकास’ हा विषय असतो. मुंबईत जुहूला एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे आणि न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे. घर किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बारावी पास मुलीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका घेता येते. शिकवण्याचे माध्यम मात्र आधी विचारून घ्या. नुसते पुस्तक इंग्रजीत आले म्हणून कितीतरी मुली अर्ध्यावर थांबतात.

तिसरा, तिथे मुले कुठे आहेत? तीन वर्षांचे मूल का रुसते, चार वर्षांचे मूल एकच गोष्ट दहादा का ऐकते, हे फळ्यावर कळत नाही. सरावासाठी कोणत्या बालवाडीत पाठवता, किती दिवस, आणि सोबत शिक्षिका कोण, हे विचारा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. या विद्येचा पाया मुलांमध्ये बसण्यात आहे. तुमच्या विहारात बालवाडी भरत असेल तर मुलीला आधी आठ दिवस तिथे बसवा. आवड खरी आहे की नुसती हौस, ते तिचे तिलाच कळेल.

चौथा, शिष्यवृत्ती लागू आहे का? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते आणि अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. पण ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. ‘आमच्याकडे शिष्यवृत्ती नाही’ असे कोणी म्हणाले, की पहिल्या प्रश्नाकडे परत जा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

काही घरांत हा ‘मुलींचा सोपा कोर्स’ समजतात. तो सोपा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पाया मानला आहे. आपल्या वस्तीतले मूल प्रथम जिच्या हाती जाते ती बाई शिकलेली असेल, तर त्या मुलाची शाळेची भीती तिथेच मोडते. म्हणून प्रवेश घेताना आईबरोबर वडिलांनीही जावे, कागद वाचून पाहावेत, आणि भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी.