वन्सं, तुम्ही कधी जेवणार?

मे महिन्यातला रविवार. नणंदेनं आमरसाच्या जेवणाला बोलावलं होतं, म्हणून आम्ही घरची सगळी मंडळी सकाळच्या एसटीनं बार्शीहून पंढरपूरला निघालो. आम्हा बायकांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट, सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, म्हणून त्यांना तेही नाही. लेकीकडे जायचं म्हणून त्या भलत्याच खुशीत. शेंगांच्या चटणीचा डबा पिशवीत आहे ना, हे त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं.

वन्सं पहाटे पाचपासून उभ्या होत्या. रस, पोळ्या, भजी, कुरडया, मसालेभात, दोन भाज्या. मी पदर खोचला, तर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आज पाहुण्या. गप बसा बघू!" आणि मी खरंच बसले. आधी पुरुष आणि मुलं जेवली, मग सासूबाई आणि मी. गरम पोळी पानात पडत होती, आम्ही रसाचं कौतुक करत होतो.

साडेतीन वाजले. पोळी लाटताना वन्संच्या हातातलं लाटणं निसटलं. अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत. त्यांना मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतली होती आणि पोटात नुसता चहा! शुद्धीवर होत्या, म्हणून लगेच साखरपाणी पाजलं, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "साखर एकदम उतरली. गोळी घेऊन जेवण लांबवायचं नाही." बाहेर पुरुषमंडळी बडीशेप चघळत गप्पा मारत होती. आत काय झालं, त्यांना पत्ताच नव्हता.

परतताना मला एकच टोचत होतं. आमची सहल झाली, पण वन्संचा रविवार कुठे गेला? सरकारच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात दिसलं, की घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देते, पुरुष 88. हे रोजचं झालं. पाहुणे आले की किती, ते मोजायला कोण बसलंय? आमच्या बचत गटात मी विचारलं, "पाहुणे असतील तेव्हा तुम्ही किती वाजता जेवता?" सगळ्या नुसत्या हसल्या. त्या हसण्यातच उत्तर होतं.

मैत्रिणींनो, पाहुणचार नको असं मी म्हणत नाही. माणसं एकमेकांकडे जायलाच हवीत. पण चार पदार्थ कमी करूया. पोळ्या आधीच करून ठेवूया, थोड्या गार झाल्या तर काय बिघडलं? भांडी मधे ठेवून सगळेच एकदम बसूया. आणि पाहुणी म्हणून गेलो, तर "मी काही करू का?" असं तोंडदेखलं विचारण्यापेक्षा सरळ एक पान तिच्यासाठी मांडूया.

एसटीत सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "घरच्या बाईनं शेवटी बसावं, हे मीच तिला शिकवलं गं."

पुढच्या महिन्यात वन्सं आमच्याकडे आल्या. सासूबाईंनी पहिलं पान त्यांचं मांडलं, शेजारी माझं. वाढायला ह्यांना उभं केलं. वरण थोडं सांडलं, पण ते पुसता येतं.